उचलू की!

बसस्थानकावर तिला सगळे भोंगाताई म्हणत. तोंडावर ताई, पाठीमागे नुसतं भोंगा. चौकशीच्या खिडकीमागे एक टेबल, एक माइक आणि कुरकुर करणारा एक पंखा एवढंच मावे. तिथे बसून ती दिवसभर प्रत्येक गाडीचा मार्ग आणि फलाट सांगायची. आवाज असा, की बाकावर पेंगणारा माणूस अर्धवट झोपेतच पिशवी काखोटीला मारून बरोबर फलाटावर जाऊन उभा राही. सगळ्या गाड्या तिच्या तोंडून सुटत, आणि त्यातल्या एकाही गाडीत तिने कधी पाय ठेवला नव्हता.

ठेवणार कुठून? लहानपणी एका तापात कमरेखालचं बळ गेलं ते गेलंच. तिचं त्याबद्दल काही रडगाणं नव्हतं. रडगाणं होतं ते लोकांचं. खिडकीशी गाडी विचारायला आलेला माणूस आत डोकावे, खुर्चीची चाकं दिसली की गाडीबिडी विसरून जाई.

"अरेरे! झालं कसं हो हे?"

"ट्रकशी कुस्ती खेळले."

"काय सांगता! मग?"

"ट्रक अजून दवाखान्यात आहे. तुमची गाडी चार नंबरला लागलीय, पळा."

माणूस पळे. जाताना दोनदा वळून बघे तो भाग वेगळा.

हसून निभावता येतील अशा गोष्टी ती हसून निभावत असे. एक गोष्ट मात्र ऐकली की तिच्या तोंडाला कडू पाणी सुटे. ती म्हणजे दोन शब्द. बँकेत विचारा, दवाखान्यात विचारा, कुणाच्या लग्नाच्या हॉलवर विचारा, "चाकाची खुर्ची आत जाईल का हो?" आणि समोरचा माणूस छाती फुगवून सांगणार, "जात नाही, पण उचलू की!"

जणू चंद्र आणून देतोय. पुढे काय होतं ते ज्याचं त्याला ठाऊक. चार अनोळखी माणसं चारी बाजूंनी येतात. एकाच्या काखेचा वास, दुसऱ्याच्या तोंडातली तंबाखू, तिसऱ्याचा हात नको तिथे, आणि चौथा नुसता ओरडतोय, "सांभाळून, सांभाळून!" अंगावरचा कुडता कुठच्या कुठे जातो. वर ठेवलं की चौघेही आभारांची वाट बघत उभे. पोतं बरं, असं तिला वाटे. पोत्याला निदान थँक्यू म्हणावं लागत नाही.

म्हणून तिने प्रवास सोडला होता. घर ते स्थानक, स्थानक ते घर, स्वतःच्या हातांनी चाकं ढकलत. भाड्याची मोटार म्हणजे पुन्हा ड्रायव्हरचे हात. पण आई होती ना. आई धाकट्या बहिणीकडे राहायची, दुपारच्या गाडीच्या शेवटच्या थांब्याला. ती गाडी भोंगाताई रोज पुकारायची. हल्ली आईला माणसं आठवेनाशी झाली होती. शेजारीण आली की "तुम्ही कोण?" आणि जावई आला की "दूधवाला आला." फोनवर मात्र थोरल्या लेकीचा आवाज ऐकला की लगेच ओळखायची.

"कधी येतेस गं?"

"येते आई, लवकरच."

"गेल्या वेळीही हेच म्हणालीस."

बहीण फोन घेऊन बाजूला जाई आणि हळू आवाजात म्हणे, "ताई, आता आवाज ओळखतेय तोवर ये. पुढचं मला माहीत नाही."

अशात एके दिवशी स्थानकप्रमुख साहेब हातातली किल्ल्यांची जुडी नाचवत खिडकीत आले.

"ताई, खूश होऊन जा! दुपारच्या गाडीला आपल्या वर्कशॉपने रॅम्प बसवलाय. खुर्चीसकट थेट आत. विशेष प्रवाशांसाठी विशेष सोय!"

"विशेष म्हणजे? शिंगं आहेत की काय मला?"

"तुमचं आपलं काहीतरीच. परवा उद्घाटन. पहिल्या प्रवासी तुम्ही. त्यानंतर रोज ती ओळ तुमच्याच आवाजात पुकारायची, काय?"

तिने त्या संध्याकाळी बहिणीला फोन केला तेव्हा तिचा आवाज माइकवरच्यापेक्षा मोठा होता. बॅग भरली. उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नाही, कारण स्थानकावर जे 'विशेष' स्वच्छतागृह होतं, त्यात झाडू, फिनेलचे डबे आणि एक मोडका फॅन राहत होता. दुसऱ्या गावच्या स्थानकाची तिला शाश्वती नव्हती. ओठ सुकले तरी ती खुशीत होती.

उद्घाटनाला रिबीन होती, फोटोग्राफर होता आणि कुठूनसे आलेले, कुठेतरी जायची घाई असलेले पाहुणे होते. गाडीच्या दाराच्या मधोमध नवाकोरा पोलादी दांडा बसवून दाराचे दोन भाग केलेले: मोठा भाग चालणाऱ्यांचा, छोटा खुर्चीचा. रिबीन कापली. वर्कशॉपच्या फोरमनने ऐटीत खटका ओढला आणि छोट्या भागातून एक फळी खाली आली. इस्त्रीच्या टेबलाएवढी.

भोंगाताईने फळीकडे पाहिलं, मग आपल्या दोन चाकांकडे.

"ही कुठल्या चाकासाठी? डाव्या की उजव्या?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. फोरमनचं तोंड उतरलं. "असं कसं होईल? मापानं केलंय मी."

"कशाच्या मापानं?"

"आपल्या ऑफिसातली व्हीलचेअर आहे ना, कपाटामागची. तिच्या."

ती व्हीलचेअर सगळ्यांना माहीत होती. आल्या दिवसापासून कपाट आणि भिंत यांच्या फटीत घडी करून उभी.

"उघडून मोजलीत?"

फोरमन गोंधळला. त्याला खरंच प्रश्न कळला नाही. "उघडायची कशाला? तिच्यात कोण बसलंय?"

मग पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं, फोटोग्राफरने कॅमेरा खाली केला, आणि साहेब दोन्ही हात हवेत उडवून म्हणाले, "अहो, त्यात काय एवढं! उचलू की!"

"नको," ती म्हणाली.

पण तोवर चौघे पुढे झालेसुद्धा होते. तिचं 'नको' त्यांनी लाजण्यात धरलं. काखेत हात, मांडीखाली हात, कुडता वर, ओढणी कुणाच्या तरी बुटाखाली. गर्दीतून टाळ्या. फोटोग्राफर ओरडतोय, "ताई, इकडे बघा, हसा जरा!" पाहुणे म्हणतायत, "माणुसकी अजून जिवंत आहे, बघा!" तिला सीटवर आणून टेकवलं, आणि तिची खुर्ची घडी करून मागे सामानाच्या कप्प्यात टाकली. सामानाच्या कप्प्यातली खुर्ची फळीवरून अगदी बरोबर आत गेली असती.

"बसा ताई निवांत," कंडक्टर म्हणाला. "आता आलातच वर."

खरंच होतं. वर आलीच होती. गाडी सुटली की ती आईकडे पोचणार होती. काखेत अजून दुसऱ्याचा घाम होता. ती विचार करत बसली: तिकडे उतरवणार कोण? ही गाडी पोचेपर्यंत अंधारलेलं असेल, बहिणीचा नवरा कामावर, म्हणजे पुन्हा फलाटावरचे जे दिसतील ते चौघे. मग परतताना चढवायला आणखी चौघे, उतरवायला आणखी. दर वेळी असंच. आणि सगळ्यांनी म्हणायचं की सोय झाली.

"मला उतरवा."

"अहो, पण आई वाट बघतेय ना तुमची?" कंडक्टरला ठाऊक होतं, सगळ्यांनाच ठाऊक होतं.

"उतरवा म्हटलं ना."

गंमत बघा, नको म्हणण्यासाठीही तिला स्वतःला पुन्हा चौघांच्या हाती द्यावं लागलं. यावेळी टाळ्या नव्हत्या. साहेब पुटपुटले, "करावं तेवढं कमीच असतं काही लोकांना."

रात्री बहीण फोनवर चिडली. "चार हात लागले म्हणून झिजतेस का गं तू? एकदा सोसलं असतंस! आई दारात बसली होती."

"तुला कुणी न विचारता उचललंय कधी?"

"लहानपणी उचलायचेच की."

"मी लहान नाहीये," भोंगाताई म्हणाली आणि फोन ठेवला. मग उशीत तोंड खुपसून रडली, रागाने. आपण आईपेक्षा आपली काख मोठी मानली का, हे तिने स्वतःला विचारून पाहिलं. किळस तेवढी गेली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेब खिडकीशी उभे राहिले. "ती ओळ. विशेष सोय. म्हणा."

फळी तशीच होती आणि गाडीच्या काचेवर चाकाच्या खुर्चीचं निळं चित्रही डकवलेलं होतं. तिने माइक जवळ ओढला. मार्ग सांगितला, फलाट सांगितला, आणि त्याच स्वच्छ, गोड, झोपलेल्यालाही चालवणाऱ्या आवाजात पुढे म्हणाली, "या गाडीत व्हीलचेअर जात नाही. घडी करून जाते, पण मग माणसाचीही घडी घालावी लागते."

फलाटावर खसखस पिकली. साहेब लाल झाले.

"हे काय बोलताय?"

"खोटं काय बोलले ते सांगा. तेवढं काढून टाकते."

तिने ते रोज म्हणायला सुरुवात केली, दुपारच्या गाडीलाच नव्हे, प्रत्येक गाडीला. फलाट अमुक, मार्ग तमुक, व्हीलचेअर जात नाही. दोन-चार दिवसांत कंडक्टर लोकांना चाळाच लागला. दार आपटताना, घंटी मारताना ओरडायचे, "चला, चला, खुर्ची जात नाही, खुर्ची जात नाही!" तिला चिडवायलाच ओरडत होते. तिलाही कळत होतं. पण आता ते सगळ्या स्थानकाला ऐकू येत होतं, आणि प्रवासी विचारू लागले होते, "का हो जात नाही? मग काचेवर चित्र कशाला लावलंय?"

साहेब म्हणायचे, "आमची माणसं उचलतात की."

मग एका दुपारी ते जोडपं आलं. आजोबा खुर्ची ढकलत होते, आजी खुर्चीत, मांडीवर पिशवी, नाकावर चष्मा. काचेवरचं चित्र बघून तिकीट काढलेलं. फळी बघून आजोबांचा चेहरा पडला. तेवढ्यात भोंग्यावरून आलंच: व्हीलचेअर जात नाही.

साहेब नेमके फलाटावर होते. दातात अडकलेलं काहीतरी काडीने काढत म्हणाले, "आजोबा, काळजी करू नका. उचलू की!"

आजीने चष्मा वर केला. "कोण उचलणार?"

"आम्ही आहोत ना."

"तुम्ही? या मग. तुम्हीच या, दुसऱ्याला सांगू नका." साहेब पुढे आले तशी आजीने पिशवी आडवी धरली. "थांबा. हात दाखवा."

"अं?"

"हात दाखवा, म्हणते. आत्ता दातात घातले होते ना? तेच माझ्या काखेत घालणार? माझ्या नवऱ्याला लग्नानंतर वर्षभर हात लावू दिला नाही मी, तुम्ही कोण लागून गेलात?"

"अगं," आजोबा कानापर्यंत तांबडे झाले.

फलाट हसून लोळला. पण आजी हसत नव्हत्या. तिकिटाचा कागद त्यांनी साहेबांच्या नाकासमोर धरला. "काचेवर खुर्चीचं चित्र आहे, साहेबांच्या हातांचं नाही. चित्रात आहे तसं न्या. नाहीतर मी इथेच बसते, मला सवय आहे बसायची."

आणि त्या बसल्या, दारासमोर. गाडी हलेना. मागची गाडीही हलेना. कंडक्टर "खुर्ची जात नाही" ओरडायचं विसरले, कारण आता खुर्चीमुळे गाडीच जात नव्हती. भोंगाताई काचेमागून बघत होती. तिला उत्साह यायला हवा होता. त्याऐवजी तिला वाटलं, या बाईने का बसायचं इथे उन्हात, चष्मा पुसत? एका फळीसाठी? फोरमनने एकदा खुर्चीची घडी उघडली असती तर?

अखेर साहेबांनी आजी-आजोबांना स्वतःच्या खात्याच्या मोटारीने पाठवलं. तिथेही उचलावं लागलंच. ते आजोबांनी केलं, आजीला विचारून. मग साहेब ओरडत वर्कशॉपकडे गेले.

पश्चात्तापाने नव्हे हो. गाड्या अडकल्या म्हणून.

दोन दिवसांनी फोरमन टेप घेऊन चौकशीच्या खोलीत आला. दारात घुटमळला. "ताई, दांडा काढतोय. फळी नवीन करतोय. जरा उतरता का? खुर्ची मोजायचीय."

तिने त्याच्याकडे इतका वेळ पाहिलं, की तो टेप उगाच आत-बाहेर करू लागला.

"बसलेलीच मोज. कोपरं बाहेर आहेत, ती धरून."

तो गुडघ्यावर बसला. टेप तिच्या पुढ्यातून न्यायचा तर हात तिच्या कोपराजवळून जाणार होता. तो थांबला. "हात लागला तर चालेल?"

"नाही," ती म्हणाली, आणि टेपचं दुसरं टोक स्वतः धरलं.

फोरमनने आकडा वाचला, परत वाचला. "बापरे, एवढी रुंद असते?"

"माणूस बसलं की असते," ती म्हणाली. मग टोक सोडून माइककडे वळली. दुपारच्या गाडीची वेळ झाली होती, आणि ती गाडी अजून कुणालाही खुर्चीसकट नेत नव्हती.