वाडीतल्या भाज्यांचा उपाय

माझी मैत्रीण घाबरली की हसते. गालातल्या गालात नाही, चांगली खांदे उडवून. ऑफिसात साहेबांनी झापलं तेव्हा हसली, आणि आजोबांना पुरताना कबरीपाशीही हसली. तेव्हा तिच्या वडिलांनी कित्येक दिवस तिच्याशी बोलणं टाकलं होतं. त्यामुळे लग्न ठरलं तसा तिला नवऱ्याचा नाही, हसण्याचा घोर लागला.

सांडोरला त्यांची वाडी. तिथे ओट्यावर माझा हात घट्ट धरून ती म्हणाली, "अगं, लग्नात फादर संमती विचारतील आणि मला हसू फुटलं, तर पप्पा चर्चमधून उठून जातील. बोललेत तसं."

मला सल्ले द्यायची भारी हौस. "सोप्पं आहे. हसू आलं की मनातल्या मनात वाडीतल्या भाज्यांची नावं घे. सावकाश. एकेक भाजी डोळ्यांपुढे आण. डोकं भाजीत गुंतलं की हसू बसतं."

लोका सांगे ब्रह्मज्ञान! मी स्वतः हसायला लागले की लोकांना मला पाणी पाजावं लागतं. पण तिने सराव केला. साहेब परत ओरडले, तिचे ओठ हलले आणि ती चक्क हसली नाही. त्या संध्याकाळी माणिकपूरच्या रिक्षा स्टँडपर्यंत आम्ही दोघी नुसत्या उड्या मारत गेलो.

लग्नाच्या दिवशी चर्च गच्च भरलेलं. व्हेलच्या जाळीमागे तिचे ओठ हलत होते आणि मी पुढच्या बाकावर फुशारून बसले होते. फादरांनी नवऱ्याला विचारलं, तो "होय" म्हणाला. मग तिला विचारलं.

"तोंडली," ती माइकमध्ये खणखणीत म्हणाली.

नवरा माइककडे बघायला लागला. फादरांनी चष्मा सारखा करून पुन्हा विचारलं. "होय, होय!" म्हणाली आणि हसत सुटली. मी पदर तोंडात कोंबला, तरी सुटलेच. तेवढ्यात तिचे वडील उठून उभे राहिले. गेले, आता हे निघून गेले!

त्यांनी रुमाल काढला, तोंडावर धरला आणि हसायला लागले. खांदे उडवून, हुबेहूब लेकीसारखे. मग कोण कुणाला आवरणार? फादरसुद्धा पाठ करून उभे राहिले.

जेवणाच्या वेळी त्यांनी मला गाठलं. "ते भाजीचं तू शिकवलंस काय तिला?"

मी चाचरत हो म्हटलं.

"तिनं मला पन शिकवलं काल. रडू येऊ नये म्हनून." त्यांनी ओल्या रुमालाची घडी घातली. "कारल्यापर्यंत आलेलो गो, पुढं एक भाजी आठवंना. तेवढ्यात तीच बोलली तोंडली."