पाण्याशिवाय धुतलेला शालू: कामठा ते गोंदिया

शांताचा शालू पाण्यात घालायचा नाही हे ज्या सकाळी ठरवलं, त्याच सकाळी गोंदियाला जायचंही ठरलं.

आम्ही कामठ्याचे वरठी, गावाचे कपडे धुणारे. शाळेतल्या गुरुजींच्या मुलीचं, शांताचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं. तिची आई दोन वर्षांमागे वारली होती. आईचाच लाल रेशमी शालू नेसून बोहल्यावर चढायचं, असं शांताच्या मनात होतं. पण पूजेत समई कलंडली आणि पदरावर तळहाताएवढा तेलाचा डाग पडला. गुरुजींनी शालू आमच्याकडे आणून दिला. मी एक कोपरा रिठ्याच्या पाण्यात बुडवला आणि पांढऱ्या चिंधीवर दाबला. चिंधी गुलाबी झाली. रंग कच्चा निघाला.

"वापस देऊन दे," घरधनी म्हणाले. "आपल्या हातचं काम नाई हे. कायले जाऊन रायली गोंदियाले?"

गोंदियात स्टेशनाजवळ एक लॉण्ड्रीवाला पाण्याशिवाय, पेट्रोलमध्ये कपडे धुतो, एवढं मी ऐकून होते. तेवढ्यावरच निघाले.

कामठ्याहून कोणाला जायचं असेल तर धानाच्या गाडीत जागा धरा आणि उजाडताच निघा. मला अशीच एक मिळाली. भाड्याच्या बदल्यात गाडीवानाची दोन धोतरं धुऊन द्यायची, असं ठरलं. थंडीचे दिवस, बांध्यांमध्ये धान कापून झालेलं, त्यात लाखोरीच्या डाळीचं पीक हिरवंगार. चाकोऱ्या इतक्या खोल, की मी गाठोडं पोत्यांवर न ठेवता मांडीवरच धरलं. नाल्यापाशी बैल सोडले तेव्हा लाखोरीच्या डाळीचे वडे खाल्ले, आणि हात दोनदा धुतल्यावरच गाठोड्याला लावले. दुपारच्या आत गोंदिया आलं. राईस मिलचा कोंडा हवेत उडत होता आणि बाजारात जो तो हिंदी बोलत होता.

लॉण्ड्रीच्या मालकाला सगळे उस्ताद म्हणत. साठीचा माणूस, कलकत्त्याला काम शिकून आलेला. त्याने शालू उलगडला, डागावर अंगठा फिरवला आणि परत घडी घातली. लढाई चालू होती, पेट्रोल कुपनावर मिळत होतं. त्याच्याकडे एकच डबा शिल्लक होता आणि दुसऱ्या दिवशी साहेबलोकांचे चार गरम कोट त्यात धुवायचे होते. लढाई संपल्यावर ये, असं त्याने सांगितलं.

मी पायरीवर बसून राहिले. गिऱ्हाइकं आली, गेली. खुंटीवर टांगलेले ते चार कोट मी पाहत होते. एका कोटाची कॉलर काळी, एकावर रश्शाचे शिंतोडे, बाकी दोन नुसते मळके. चारही गडद रंगाचे. पाहता पाहता मला आमचाच घाट आठवला. उन्हाळ्यात पाणी आटतं तेव्हा आम्ही एकाच टाक्यात आधी पांढरे कपडे काढतो, मग रंगीत, शेवटी काळे.

मी उठून म्हटलं, "उस्ताद, आधी शालू काढा, मग त्याच पेट्रोलात कोट. समईचं तेल तेवढंसं, कोटाले काय होते?"

"और रंग छूटा तो?"

मी त्याच्याकडे थेंबभर पेट्रोल मागितलं. शालूच्या आतल्या घडीवर टाकलं आणि चिंधीने दाबलं. चिंधी पांढरीच राहिली. उस्तादने ती उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिली.

"सुबह आना," तो म्हणाला.

त्या दिवशी मावसबहिणीकडे राहिले. सकाळी गेले तेव्हा मागच्या अंगणात जस्ताची झाकणाची टाकी मांडलेली होती. शेजारच्या चहावाल्याला शेगडी विझवायला लावली होती. अंगणात विडी कोणी पेटवायची नाही, टाकीवर धातू आपटायचा नाही. उस्तादने मला बांगड्या उतरवायला सांगितल्या. मी उतरवल्या नाहीत, मनगटाला चिंध्या गुंडाळून घेतल्या.

आधी डागावर खडूची भुकटी दाबून ठेवली, तिने वरचं तेल शोषलं. भुकटी झटकून शालू टाकीत सोडला. चोळायचा नाही, पिळायचा नाही; घासलं तर रेशमातून ठिणगी निघते, एवढंच उस्ताद पुन्हा पुन्हा सांगत होता. लेकराला न्हाऊ घालावं तसा हलवायचा. मग पंच्यांच्या घड्यांत दाबून सावलीत, वाऱ्यावर टाकायचा. वास पूर्ण गेल्याशिवाय इस्त्री नाही. इस्त्री उलट्या बाजूने, मधे पातळ कापड घालून, आणि जर एकाच जागी मोडू नये म्हणून दर खेपेला घडी नव्या जागी. पेट्रोलने माझे हात पांढरे पडून तडकले, त्यांना उस्तादने खोबरेल दिलं. शालूच्या मजुरीच्या बदल्यात मी त्याचे चारही कोट धुऊन दिले.

तेलाचा डाग पार गेला. मी रिठ्यात बुडवलेला कोपरा मात्र फिकाच राहिला. पाण्याने जे केलं ते पेट्रोलने निघत नाही, असं उस्ताद म्हणाला आणि त्या कोपऱ्याकडे त्याने पुन्हा पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी कामठ्याला परतले ती सरळ गुरुजींच्या घरी. गाडीत सगळी वाट मी एकच वाक्य घोकत आले होते. शांताने शालू मांडीवर घेतला तेव्हा मी तो कोपरा तिच्यापुढे धरला.

"हा माह्या हातचा दोष आहे, बाई."

"निऱ्यात जाईल तो," ती म्हणाली. मग तिने शालूचा पदर नाकाशी नेला.

"आईचा वास येत होता याले," ती म्हणाली. "गेला."

 डाग, रंग, जर, सगळ्यांचा विचार मी केला होता. याचा केला नव्हता. शांताने तोच शालू लग्नात नेसला, सगळ्यांनी वाखाणला, गुरुजींनी मला मांडवात बोलावून मानाचा नारळ दिला. घरधन्यांनीही पुढे बिनपाण्याच्या कामाला नाही म्हटलं नाही. पण शांताचं ते वाक्य माझ्यापाशी राहिलं. तेव्हापासून डाग कशाचा हे विचारायच्या आधी मी दुसरं काही विचारू लागले.

लढाई संपली त्या हिवाळ्यात आमगावहून एक बाई आली. तिचा नवरा त्या पावसाळ्यात गेला होता. त्याचा गरम कोट मुलाला घालायचा होता. यातलं काय राहू देऊ, म्हणून मी विचारलं. तिला प्रश्न कळायला थोडा वेळ लागला. मग तिने कॉलरवर हात ठेवला.

मी बाह्या धुतल्या, पाठ धुतली, खिसे उलटे करून झटकले. कॉलरला हात लावला नाही.