वहिनीचा रंग, दादाच्या काचा

आमच्या शिवराजदादाला सोलापुरातल्या निम्म्या नवऱ्या चेहऱ्यानं ओळखता येतात. त्यातल्या बऱ्याच आता आज्या झाल्या, पण नवी पेठेतून जाताना एखादी बाई समोरून आली की हा मधेच थबकतो आणि माझ्या कानाशी येऊन सांगतो की हिच्या लग्नात ऐन अक्षतांच्या वेळी जनरेटर बंद पडला होता. मागून रिक्षावाला हॉर्न वाजवून वाजवून थकतो. मी दंडाला धरून ओढतो तेव्हा कुठे स्वारी पुढे सरकते.

दादानं उभी हयात लग्नांची व्हिडिओ शूटिंग केली. नवी पेठेत एका जिन्याखाली त्याचा स्टुडिओ होता. तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. मी त्याचा धाकटा भाऊ बसवराज, एसटीच्या कचेरीतून निवृत्त झालो. कचेरीत मला सगळे तापट म्हणायचे. ते खरंच आहे, पण माझ्या जागी दादासारखा थोरला भाऊ असता तर कुणीही तापट झालं असतं.

दादाबरोबर दिवा धरायला शिवलीलावहिनी असायची. ती अक्कलकोटजवळच्या एका खेड्यातली. लग्न होऊन आली तेव्हा घाईत असली की तोंडातून कानडीच यायची, आणि ती सवय तिची कधी गेली नाही. दादाकडे दिवा धरायला पगारी माणूस होता, तो एका लग्नात मांडवातूनच पळून गेला. ही पाहुणी म्हणून आलेली, उठली आणि हॅलोजन हातात घेतला. तेव्हापासून तोच तिचा धंदा झाला. चांगल्या घरची सून मांडवामांडवांतून दिवा घेऊन हिंडते म्हणून आमचे अप्पा कितीतरी दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिनं अप्पांच्या ताटात भाकरी वाढायचं थांबवलं नाही आणि दिवाही सोडला नाही. नवरी सावळी असेल तर दिवा किती लांब धरायचा, नवरदेव घामेजला असेल तर कुठून धरायचा, हे तिला सांगावं लागत नसे. दादा कॅमेरा फिरवायचा आणि उजेड त्याच्याआधी तिथे पोचलेला असायचा.

आणि त्यामुळेच इतक्या कॅसेटी भरल्या पण वहिनी कुठल्याच कॅसेटीत नाही. दिवा धरणारं माणूस चित्रात येत नाही. तेव्हा कुणाला त्याचं काही वाटलं नाही, तिला तर नाहीच नाही.

तीन वर्षांपूर्वी वहिनीला कावीळ झाली. कावीळ म्हणून औषध चाललं होतं, पण यकृतच गेलेलं होतं. शेवटचे काही महिने ती पिवळी पडत गेली. डोळे, नखं, तळहात, सगळं. दादा दवाखान्यात तिच्या उशाशी बसून असायचा. ती गेल्यावर तो रडला वगैरे, ते सगळं झालं, पण खरं दुखणं मागून आलं. एकदा माझ्याकडे चहाला आला होता. कप तसाच ठेवून म्हणाला, "बसू, डोळे मिटले की मला ती पिवळीच दिसती की रे. आधीची सगळी वर्षं कुटं गेली? ती मूळची कशी होती, तेच मला दिसंना."

मी म्हणालो फोटो बघ. तर म्हणे, लग्नाच्या फोटोत तिला पावडर फासलेली आहे आणि आधारकार्डावर कुणीच स्वतःसारखं दिसत नाही.

एक कॅसेट मात्र होती. गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या संक्रांतीच्या जत्रेची. त्या वर्षी नंदीध्वज, तो सजवलेला उंच जड खांब, पेलायची माझी पहिलीच वेळ होती आणि दादानं हौसेनं शूटिंग केलं होतं. भर दुपारचं ऊन, दिव्याची गरज नाही, म्हणून वहिनी मोकळी होती. मिरवणूक आमच्या दारावरून जाते, तर ती ताम्हण घेऊन दारात उभी राहिली. कॅमेरा माझ्यावरून सरकत दारावर जातो, क्षणभर थांबतो आणि परत माझ्यावर येतो. उभ्या जन्मात वहिनी तेवढीच काय ती चित्रात आली आहे.

दादानं ती कॅसेट संगणकावर उतरवून घेतली. पण पडद्यावर वहिनी अंगठ्याएवढी. चेहरा म्हणजे एक ठिपका. माणूस माणसाएवढं दिसायला पाहिजे, असं त्याचं म्हणणं. त्यातच त्याची मुलगी सृष्टी, ती पुण्याला असते, तिनं नवा टीव्ही घेतला आणि जुना प्रोजेक्टर बापाला पाठवून दिला. बाबा क्रिकेट बघतील, जीव रमेल. बाबांनी एकही सामना बघितला नाही.

माळ्यावरच्या खोलीत त्यानं एक भिंत पांढरी करून घेतली आणि मला बोलावलं. एप्रिलचा महिना, सोलापूरची दुपार, खिडक्यांना घरातल्या सगळ्या चादरी टांगलेल्या, पंखा बंद, कारण पंख्यानं चादरी हलतात आणि उजेड आत येतो. मी घामानं निथळत बसलो. भिंतीवर चित्र आलं. मोठं होतं, दार दाराएवढं होतं, पण सगळं हिरवट आणि वरून कुणी पातळ ताक ओतावं तसं. दाराच्या आतला अंधार काळा न दिसता राखाडी दिसत होता, आणि वहिनी नेमकी उंबऱ्याच्या आत, त्या अंधारात उभी. ताम्हणाची चमक दिसायची, चेहरा विरघळलेला.

दादानं मशीनमधले सगळे आकडे खालीवर करून बघितले. हिरवा गेला तर अंधार आणखी फिका व्हायचा. मग त्यानं मला समजावलं, आणि मी ते जितकं समजलो तितकं सांगतो. प्रोजेक्टरच्या दिव्यात मुळातच हिरवा आणि निळा जास्त असतो. तो आतून दाबायला गेलं की मशीनची निम्मी ताकद दाबण्यातच जाते आणि काळा काळा राहत नाही. त्यापेक्षा भिंगासमोर रंगीत काच धरायची. जास्तीचा रंग ती काच खाऊन टाकते आणि मशीनला आतून मोकळं सोडता येतं. उजेड कमी होतो, पण अंधार अंधारासारखा दिसतो.

त्याच्याकडे लग्नाच्या दिव्यांना लावायचे जिलेटिनचे रंगीत कागद होते, त्यानं आधी तेच लावले. ते गरम होऊन पापडासारखे वळले. मग कॅमेऱ्याच्या जुन्या पेटीतून गोल काचेचे फिल्टर निघाले. ट्यूबलाइटच्या उजेडात शूटिंग केलं की चेहरे हिरवे यायचे, त्यावर लावायचा गुलाबी फिल्टर त्यात होता. प्रोजेक्टरच्या भिंगाला आटे नाहीत, तेव्हा डब्याच्या झाकणाला भोक पाडून त्यात काच बसवली आणि भिंगापासून चार बोटं लांब उभी केली. हिरवट झाक गेली. दाराच्या आतला अंधार खाली बसला, आणि त्यातून वहिनीची बाह्याकृती वर आली. दादा भिंतीपाशी जाऊन उभा राहिला. त्याचीच सावली तिच्यावर पडली तसा मागे सरला.

पण रंग अजून पक्का व्हायचा होता, आणि तिथे त्यानं आपल्या धंद्याचा नियम लावला. मांडवात शिरल्यावर तो पहिल्यांदा पांढरं शोधायचा. कुणाचं धोतर, कुणाची टोपी. कॅमेरा आधी त्यावर धरायचा आणि ते पांढरं दिसेल असं करायचं, मग बाकीचे रंग आपोआप जागेवर येतात. या चित्रात पांढरं काय? माझी बाराबंदी. नंदीध्वज पेलणाऱ्याच्या अंगात पांढरी बाराबंदी असते हे सोलापुरात पोरंबाळंही सांगतील. भिंतीवर ती जरा निळसर दिसत होती. म्हणून दादानं गुलाबी काचेपुढं आणखी एक फिकट पिवळी काच लावली. बाराबंदी पांढरी झाली, अगदी दुधासारखी. त्यानं चित्र पुढे नेलं, दार आलं, वहिनी आली, आणि तिचा चेहरा पिवळा होता.

मग दादा हळूच म्हणाला, "हितंबी पिवळीच." त्यानं मशीन बंद केलं. चादरी उतरवल्या, घड्या घातल्या. मी काच बदलून बघ म्हणालो तर ऐकलं न ऐकलंसं केलं. काच खोटं बोलत नाही, पांढरं बरोबर आहे म्हणजे सगळं बरोबर आहे, इतकंच बोलला. सृष्टीला फोनवर सांगितलं की प्रोजेक्टरचा दिवा गेला.

मला त्याचा राग आला. इतके दिवस मला भट्टीत बसवलं आणि आता एका क्षणात सगळं गुंडाळून ठेवलं. पण रागापेक्षा भीती जास्त होती. आता त्याला वाटायला लागलं होतं की वहिनी पहिल्यापासून तशीच होती, आपल्यालाच दिसली नाही. तो येईनासा झाला. मी गेलो तर कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा.

त्या आठवड्यात माझ्या बायकोनं, प्रभानं, कपाट आवरायला काढलं. माझी आताची बाराबंदी खुर्चीवर टाकली होती. मशीनमध्ये धुतलेली, पावडरीनं. मी सहज बघितली आणि बघतच राहिलो. ही पांढरी होती. ती नव्हती. त्या वर्षीची बाराबंदी वहिनीनं धुतली होती, आणि वहिनीच्या हातून नीळ नेहमी जास्त पडायची. तिच्या माहेरी विहिरीचं पाणी जड, कपडे पिवळट व्हायचे, म्हणून तिकडे सढळ हातानं नीळ घालायची सवय. इकडे आल्यावरही तिनं ती सोडली नाही. आमच्या घरचे धुतलेले सगळे कपडे आभाळाकडे झुकलेले असायचे. जत्रेत माझ्याबरोबरचे सगळे मला दिवसभर "नीळकंठ आला, नीळकंठ आला" म्हणून चिडवत होते, आणि मी घरी येऊन तिच्यावर डाफरलो होतो. तिनं पुढच्या वर्षी आणखी नीळ घातली.

मी चपला कशाबशा पायात घातल्या आणि भर उन्हात दादाकडे गेलो. तो पडलेलाच होता. मी त्याला उठवून बसवलं.

"दादा, तू ज्याला पांढरं धरलंस ते पांढरं न्हवतंच. वहिनीची नीळ हाय ती."

त्याला आधी कळलंच नाही. मग त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. त्यानं स्वतःच्या बनियनकडे बघितलं, जणू त्यावर ती निळाई अजून असेल. ती जाऊन तीन वर्षं झाली होती, बनियन नुसतं मळकं होतं. "लई घालायची," तो म्हणाला. "मी सांगून सांगून थकलो." आणि उठला.

चादरी पुन्हा टांगल्या, या वेळी मी न कुरकुरता. दादानं पिवळी काच काढून खिशात टाकली. गुलाबी तेवढी ठेवली. भिंतीवर मी आलो, नंदीध्वज पेलत, निळसर बाराबंदीत, मिशा नुकत्या फुटलेल्या, चेहऱ्यावर असा आव की सोलापूर मीच उचललंय. दादा माझ्याकडे बघत नव्हता. दार आलं.

वहिनी सावळी होती. मी हे विसरलो होतो, हे मला त्या क्षणी कळलं. सावळी, तुकतुकीत, कपाळावर विभूतीचा पट्टा, ताम्हणातल्या निरांजनाचा उजेड हनुवटीवर. डोळे पांढरेशुभ्र. कसलंही आजारपण नाही. दादानं चित्र थांबवलं नाही, कारण थांबवलं की जुन्या कॅसेटीचं चित्र थरथरतं. ते संपलं की मागे नेऊन पुन्हा लावत होता.

"अशीच होती," तो म्हणाला. "अशीच की रे, बसू."

चौथ्या-पाचव्या वेळी त्यानं हात वर केला. मला वाटलं चादर सरकली. तो म्हणाला, तिच्या तोंडाकडे बघ. मी बघितलं. इतके दिवस तिथे नुसती धुरकट राखाडी होती, म्हणून दिसलं नव्हतं. आता स्वच्छ दिसत होतं. कॅमेरा तिच्यावर आल्याबरोबर वहिनी वर बघते, थेट दादाकडे, आणि काहीतरी बोलते. चार शब्द असतील, पाच असतील. बोलून हसते.

आवाज वाढव म्हणालो. दादा म्हणाला, तिचा आवाजच नाही यात. त्या काळात शूटिंगमधला खरा आवाज कुणी ठेवत नसे. गोंगाट असतो म्हणून तो काढून टाकायचा आणि वर एखादं गाणं चढवायचं, गिऱ्हाइकाला तेच आवडायचं. घरच्या कॅसेटीवरही त्यानं सवयीनं भक्तिगीत चढवलं होतं, स्वतःच्या हातानं, आणि शूटिंगची मूळ कॅसेट पुसून तिच्यावर कुणाचं तरी लग्न घेतलं होतं.

"तू तर हितंच होतास की, चार हातांवर," तो मला म्हणाला. "काय म्हणाली ती?"

मी खरं ते सांगितलं. हलग्या वाजत होत्या, माझं सगळं लक्ष नंदीध्वजाच्या टोकाकडे होतं, मला काहीच ऐकू आलं नव्हतं. तो कॅमेऱ्यामागे होता, त्यानं ऐकलं असणार, पण त्याला आठवेना. ती मराठीत बोलली की कानडीत, हेही त्या ओठांवरून कळत नव्हतं.

मी घरी जायला उठलो तेव्हा बाहेर अजून ऊन होतं. दादानं मान वळवली नाही. भिंतीवर वहिनीचे ओठ हलायचे तेव्हा त्याचेही हलायचे. एकदा मराठीत, एकदा कानडीत, आणि मग तो चित्र मागे न्यायचा.