तिसऱ्या मजल्यावरचा नळ

अंबरनाथ पूर्वेच्या चाळीत शालन गांगुर्डे आणि सरस्वती यांच्या खोल्यांना मधली भिंत एकच. एकीनं फोडणी घातली की ठसका दुसरीला लागायचा. एकोणनव्वद साली जवळच बेलवलीत नवी इमारत उभी राहिली, तेव्हा दोघींनी आपापल्या नवऱ्यांच्या मागे लागून तिथं वर-खाली ब्लॉक घेतले. सरस्वती दुसऱ्या मजल्यावर, शालन तिच्या बरोबर डोक्यावर. चाळीतली नळावरची रांग सुटली, याचंच शालनला केवढं अप्रूप!

पाणी मात्र बोअरचं होतं, जड. साबणाला फेस येईना, तूरडाळीला कितीही शिट्ट्या दिल्या तरी कणी राही. नळाच्या तोंडाशी पांढरी खपली धरे, ती शालन सुरीनं खरवडून काढी. "आपल्या केसांचा पार काथ्या झाला गं," असं म्हणून दोघी हसत.

मग दोन-तीन वर्षांत शालनच्या नळाची धार बारीक होत गेली. सकाळी सगळ्यांच्या कामावर निघायच्या वेळी तर नुसते थेंब. तिचा नवरा सुदाम एमआयडीसीतल्या कारखान्यातून पाळी करून आला की आंघोळीला बादली भरत नसे. शालन रस्त्यापलीकडच्या हातपंपावरून कळश्या वर चढवी. गच्चीवरची टाकी तर भरलेली असायची आणि खाली सरस्वतीकडे नळ बरा चालायचा. त्यात रोज सकाळी बाथरूमच्या फरशीखालून घरघर ऐकू यायची. खाली पाणी ओढायला मोटर लावलीय, असं शालनच्या मनानं घेतलं. एकदा विचारायला म्हणून ती खाली गेलीही. पण सरस्वतीनं चहा टाकला आणि दोघी इकडचंतिकडचंच बोलत बसल्या.

पुढं गच्चीवर सोसायटीची मीटिंग भरली. पाण्याचा विषय निघाला आणि कुणीतरी विचारलं, "टाकी भरते, मग पाणी जातं कुठं?"

शालनची कंबर कळश्यांनी भरून आली होती. ती ताडकन म्हणाली, "सरूच्या बाथरूममध्ये मोटर आहे. रोज ऐकते मी."

सरस्वती तिच्याकडे बघतच राहिली. तिचे यजमान शंकरराव उठले. "चला. आत्ताच बघा," एवढंच म्हणाले. चार-पाच जण त्यांच्या बाथरूमपर्यंत गेले. आत गीझर, बादल्या, दोरीवर टॉवेल. दुसरं काही नव्हतं. जिना चढताना एकजण पुटपुटला, "काढून ठेवली असेल." शंकररावांनी ते ऐकलं. शालननंही ऐकलं आणि ती तशीच वर निघून गेली.

इमारतीतली पोरं सरस्वतीच्या मुलीला 'मोटरवाली' म्हणून चिडवू लागली. बायका जिन्यात बोलेनाशा झाल्या. वर्ष संपायच्या आत शंकररावांनी ब्लॉक विकला आणि सरस्वतीच्या भावाजवळ, उल्हासनगरला बिऱ्हाड हलवलं. टेम्पोत सामान चढत होतं, तेव्हा शालन स्वयंपाकघराच्या खिडकीआड उभी होती. ती खाली उतरली नाही.

नवा मालक लगेच राहायला आला नाही, खालचा ब्लॉक रिकामा पडला, तरी शालनच्या नळाची धार वाढली नाही. त्या दिवाळीला सुदामनं गीझर आणला. काही महिन्यांनी तो तापू लागला की घरघरू लागला. शालननं तो आवाज ओळखला. फरशीखालून यायचा तोच. दुरुस्तीवाल्यानं गीझर उघडला तर आतल्या कॉइलवर चुन्यासारखा जाड थर. "इधर का पानीच जड है ताई. सगळ्यांचे गीझर असेच बोलतात," तो म्हणाला.

शालननं मग प्लंबर बोलावून टाकीकडून आपल्या नळाला येणारा पाइप कापायला लावला. आतून तो पांढऱ्या दगडानं भरला होता. करंगळीसुद्धा शिरेना.

"आता उकरून काय मिळणार? ती माणसं गेली," सुदाम म्हणाला.

तरी पुढच्या मीटिंगमध्ये शालन उभी राहिली. "मोटर नव्हतीच. मी न बघताच आळ घेतला," म्हणाली. लोकांनी जाऊ द्या म्हटलं आणि नवे पाइप कधी घालायचे त्यावर बोलणं सुरू केलं.

रविवारी ती उल्हासनगरला गेली. सरस्वतीनं दार उघडलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं.

"तू एकटीनं येऊन विचारलं असतंस तर मी तुला हाताला धरून आत नेलं असतं," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर का गं?"

शालनला रडू फुटलं, तेव्हा सरस्वतीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. पण जेवून जा म्हणाली नाही.

पुढं लग्नाकार्यात त्या भेटत, एकमेकींच्या मुलांची चौकशी करत. शालन दर वेळी म्हणायची, "ये ना एकदा बेलवलीला." सरस्वती हो म्हणायची आणि मुलीच्या शाळेचं काहीतरी सांगायला लागायची.