हप्ता पुरा होईपर्यंत

माझ्या समोरच्या खोलीत एक शिंपीण राहते. एका जागी स्वस्थ बसत नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणतात. नवऱ्याचे गुडघे गेल्यापासून घर तिच्या मोटारीच्या शिलाई मशीनवर चाले. गणवेश, पडदे, पँटची उंची कमी करणं, काहीही आणा, दुसऱ्या दिवशी तयार.

ते मशीन कर्जाचं होतं. तारण नको, फक्त पाच बायकांचा गट हवा आणि प्रत्येकीने बाकीच्या चौघींना जामीन राहायचं, अशी कंपनीची पद्धत. मंगळवारी अकराला भिंगरीच्याच खोलीत बैठक भरे. पाचही हप्ते पुरे होईपर्यंत कुणी उठायचं नाही. वसुलीचे साहेब बूट दाराबाहेर काढून बसत. आवाज कधी चढवला नाही. “ताई, मला घाई नाही,” एवढंच म्हणत.

चूक तिची एकच झाली. धाकट्या जावेला कुणी कर्ज देईना, तेव्हा हिने दुसऱ्या कंपनीकडून स्वतःच्या नावावर काढून दिलं. “ताई, हप्ते मी भरते, तुम्ही फक्त अंगठ्यापुरत्या,” जाऊ म्हणाली होती. तिने दोन हप्ते भरले आणि फोन उचलणं बंद केलं. दुसऱ्या कंपनीचा वार सोमवार. सोमवार झाकला की मंगळवार उघडा पडू लागला.

दोन मंगळवार चौघींनी पदरचे घालून भागवलं. तिसऱ्या मंगळवारी दुपारचे तीन वाजले तरी सगळ्या बसून होत्या.

“माझी शेगडी विझली असेल,” इस्त्रीवाली म्हणाली. “लोकांचे कपडे काय तुझ्या जावेच्या नावाने इस्त्री करू?”

“येत्या आठवड्यात देते गं.”

“मागच्या आठवड्यातही हेच म्हणालीस. तुझ्या नवऱ्यालाच उचलून नेला असता, पण त्याला खायला कोण घालणार?”

कॉटवरून नवरा म्हणाला, “मी कमी खातो.” दोघी-तिघी हसल्या. भिंगरी हसली नाही.

मग इस्त्रीवालीने भिंगरीच्या वाट्याचे पैसे भरले आणि ते फिटेपर्यंत म्हणून मशीन आपल्या खोलीत नेलं. कंपनीने मशीनला हातही लावला नाही. उलट साहेबच जिन्यावर एका बाजूने धरू लागले.

तेव्हापासून भिंगरी इस्त्रीवालीच्या खोलीत, स्वतःच्याच मशीनवर मजुरीने शिवते. इस्त्रीवाली निम्मी मजुरी कापून घेते. उरलेल्यात सोमवार भागतो, मंगळवार नाही; तो इस्त्रीवालीच भरते आणि हिच्या नावावर मांडते.

काल साहेब म्हणाले, “तुमच्या गटाचा एकही हप्ता चुकलेला नाही. मोठं कर्ज मंजूर होऊ शकतं.”

भिंगरीने विचारलं, “मशीन सोडवण्याइतकं मिळेल?”

“त्याहून जास्त, ताई. फक्त पाचही जणींच्या सह्या लागतील.”

तिघींनी सह्या केल्या. भिंगरीने केली. इस्त्रीवाली पेन हातात धरून बसून राहिली.

“मी नाही म्हटलं तर?” तिने विचारलं.

“तर नाही,” साहेब म्हणाले. “मग तुमचे अडकलेले पैसे तुम्हीच आपसात बघा. मला घाई नाही.”

बारा वाजून गेले. भिंगरी तिच्याकडे बघत नव्हती, खाली फरशीकडे बघत होती. शेवटी इस्त्रीवालीने भिंगरीच्या नावाखाली जामीन म्हणून सही केली आणि चपला घालून निघून गेली.