पुलावरचा शेंदूर

टेप घेऊन पूल मोजणारा माणूस आला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. त्यात त्यानं चहा घेतला नाही. आमच्या गावात चहा नाकारणाऱ्या सरकारी माणसानं आजवर चांगली बातमी आणलेली नाही.

कयाधू नदीवरचा हा दगडी पूल निजामाच्या काळचा. एसटी कधीच दुसऱ्या गावाजवळच्या नव्या पुलावरून जायला लागली, जुन्यावर आता आमचीच वहिवाट. घर अलीकडं, हळदीचं रान पलीकडं. हा पूल गेला तर ट्रॅक्टर पार त्या गावावरून फिरवून न्यावा लागणार.

"काही न्हाई, नुसतं बघून राहिलो," तो म्हणाला. नुसतं बघायला कोणी कमानीखाली वाकून फोटो काढतं का? मी घरी येऊन मायला सांगितलं, पूल पाडायचा बेत दिसतो.

"पाडतो कसा? बघतेच मी," माय म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कठड्यातल्या एका दगडाला तिनं तेलात कालवलेला शेंदूर थापला, पुढं नारळ फोडला. रस्त्याच्या कामात जाणारं शेताच्या धुऱ्यावरचं, बांधावरचं जांभळाचं झाडही तिनं असंच वाचवलं होतं. शेंदूर लागला की हात लावायची कोणाची छाती? बघता बघता तिथं घंटी आली. मग नवस बोलणारे येऊ लागले. एवढी माणसं बघून मला वाटलं, चला, आता पूल पक्का.

तोच माणूस पुन्हा आला, या वेळी निळी पाटी घेऊन. पूल पाडणार नव्हतेच, म्हणे. संरक्षित स्मारक म्हणून जाहीर केला होता. शेंदूर बघून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण बूट काढून त्यानं हातही जोडले. मग पुलाच्या दोन्ही तोंडांशी लोखंडी खांब रोवायला लावले.

"अहो साहेब, आमचा ट्रॅक्टर?"

"आधी शेतीची वाहनं सोडणार होतो," तो म्हणाला. "पण दर्शनाला एवढी माणसं येतात. त्या गर्दीत ट्रॅक्टर कसा सोडू?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण भांडू कोणाशी?

यंदाची हळद निघाली तेव्हा पहिली टोपली मायनंच डोक्यावर घेतली. पुलावर मध्येच थांबली. तिथं बाया हात जोडून उभ्या होत्या. मायनं जोडले नाहीत.

"तुला मीच बसवलं," ती दगडाला म्हणाली, "आन् माझाच ट्रॅक्टर आडवतो व्हय रे?"