पहिल्या खांद्याची मॅच

"बंद करू नका! मॅच चालू हाय!"

माझा हात स्विचकडे गेला आणि दुकानात घुसलेली सगळी माणसं एकदम ओरडली. मी हात मागे घेतला. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करण्यात माझी तेव्हा वीस वर्षं गेली होती. कुठलंही यंत्र उघडायच्या आधी बंद करायचं, एवढं तर मला येतं. आणि इथे अख्खं गाव मला सांगत होतं, की चालू ठेवूनच उघड.

मुरबाडला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं दुकान. दोन हजार सात-आठचा उन्हाळा असेल. दुपारचं लोडशेडिंग, पंखा बंद, मी बनियनवर बसलेलो. किन्हवलीच्या रस्त्याला आत एक गाव आहे, तिथली जीप दारात उभी राहिली आणि तिच्यातून माणसं उतरतच राहिली. पुढे दोघांनी दोन बाजूंनी पितळेचं ताम्हण धरलेलं. ताम्हणात हातात धरून खेळायचं गेमचं मशीन. मशीनवर हळद, कुंकू, अक्षता. आणि दोघांचाही एकेक अंगठा मशीनच्या कडेवर घट्ट दाबलेला.

"अंगठे काढा," मी म्हटलं.

"आधी त्यांला काढू दे," एक म्हणाला.

"आधी ह्यांला सांगा," दुसरा.

"मी एक-दोन-तीन म्हणतो, दोघंही काढा. जमत नसेल तर बसा जीपमध्ये आणि चला घरी!"

अंगठे निघाले. मशीन माझ्या टेबलावर आलं. आता हे काय लचांड आहे ते मला नीट सांगणारा एकच माणूस त्या गर्दीत होता, दिनेश. मुरबाडच्या एमआयडीसीत कामाला होता. मशीन त्याचंच, कंपनीतल्या एका मित्राकडून सेकंडहँड घेतलेलं.

प्रकरण असं होतं. गावात दोन पाडे, वरचा आणि खालचा. दुसऱ्या दिवशी गावदेवीची जत्रा. पालखी देवळातून उठते तेव्हा पुढच्या दांड्याला जो आधी खांदा देतो, त्या पाड्याचा त्या वर्षीचा मान. हा पहिला खांदा कायम वरच्या पाड्याचा. खालच्या पाड्याला तो हवा होता. मग ठरलं, की दर साली क्रिकेटची मॅच लावायची, जिंकेल त्याचा मान. मॅच लागायची आणि दर साली मारामारीत मोडायची. मॅच मोडली की मान पुन्हा वरच्या पाड्याकडेच. आदल्या वर्षी तर स्टंप उपटून एकमेकांची डोकी फोडली होती. तेव्हा पोलीस पाटलानं दम भरला, की यंदा गावात बॅट दिसली तर सगळ्यांना आत टाकतो.

बॅटशिवाय क्रिकेट कसं खेळणार? तर दिनेशच्या मशीनवर!

"देवीचा कौल का नाही लावला?" मी विचारलं.

मग खालच्या पाड्याचे गोविंदनाना बोलले. सत्तरी ओलांडलेला माणूस, हातात काठी, गुडघे गेलेले. "कौल सांगनार ह्ये," ते रामभाऊंकडे बोट दाखवून म्हणाले. "ह्ये वरच्या पाड्याचं. आमी कसं मानायचं?"

रामभाऊ म्हणजे ज्यांचा एक अंगठा ताम्हणात होता ते. दुसरा अंगठा नानांचा. रामभाऊंच्या घरात पिढ्यान् पिढ्या कौल सांगण्याचं काम. त्यांनी नुसतं भिंतीकडे पाहिलं.

तर देवळासमोर मांडव घातला, मशीनची पूजा केली, दोन्ही पाड्यांनी मुठी भरभरून अक्षता टाकल्या आणि मॅच सुरू झाली. बॉल मशीन टाकणार, बॅटिंग एकेका पाड्यानं करायची. पडदा तळहाताएवढा. गावाला दिसत काही नव्हतं, फक्त खेळणाऱ्याची मान. म्हणून एकजण शेजारी बसून जत्रेच्या लाउडस्पीकरवर सांगत होता आणि बायका-पोरं टाळ्या वाजवत होती. वरच्या पाड्याचं झालं. मग खालच्या पाड्याकडून दिनेश बसला. शेवटचे तीन बॉल उरले, पाच रन हवे होते, आणि मशीन अडकलं. आतून कटकट आवाज, पडद्यावर इंग्रजीत, डिस्क वाचता येत नाही.

"मॅच मोडली तर काय ठरलंय?" मी विचारलं.

"मान आमाला," वरच्या पाड्याचा एकजण पटकन बोलला.

"गप रे!" रामभाऊ त्याच्यावर खेकसले. मग मला म्हणाले, "जगनभाऊ, मशीन चालू करा. बंद पाडलं असं आमच्यावं याला नको."

नाना स्टुलावर बसले होते. मी मशीनवर वाकलो तसे ते हळूच म्हणाले, "माज्या बापाला नाय मिळाला, मला नाय मिळाला. औंदा नाय तर फुडल्या वर्साला मीच चौघांच्या खांद्यावर असन." हसले नाहीत.

आता कामाचं सांगतो. या मशीनमध्ये एक छोटी डिस्क असते, प्लास्टिकच्या डबीत बंद. मागचं झाकण उघडून ती बसवायची. आत एक मोटर ती फिरवते आणि मसुरीच्या दाण्याएवढी एक काच, तिला लेन्स म्हणतात, खालून पुढेमागे सरकत डिस्क वाचते. या सगळ्याला मिळून ड्राइव्ह म्हणायचं. कटकट आवाज येतो म्हणजे लेन्स सरकायला बघते आणि कशाला तरी अडते. नेहमीची पद्धत म्हणजे बॅटरी काढा, स्क्रू खोला, ड्राइव्ह बाहेर घ्या. पण बॅटरी काढली की मशीन सगळं विसरणार, मॅच गेली, नानांचा खांदा गेला.

एक सोय होती. स्विच एकदा वर ढकलून सोडला की मशीन झोपतं. पडदा काळा होतो, पण खेळ डोक्यात राहतो. अट एकच, बॅटरी जिवंत हवी. मी स्विच ढकलणार तेवढ्यात मशीनचा हिरवा दिवा लुकलुकायला लागला. म्हणजे बॅटरी संपत आली.

"चार्जर?"

"हाय की," दिनेशनं चार्जर काढला आणि माझ्या बंद पंख्याकडे पाहिलं. मी काय बोलणार! वीज यायला संध्याकाळ.

मग जीपचं बॉनेट उघडायला लावलं. जीपची बॅटरी बारा व्होल्टची, मशीनला हवेत पाच. व्होल्टेज कमी करणारा रेग्युलेटर म्हणून एक तीन पायांचा पार्ट येतो, तो जुन्या रेडिओतून काढला, ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर कसला, कारण तो तापतो. रेडिओच्या ॲडॉप्टरची पिन मशीनला बसली. जीपपासून टेबलापर्यंत वायर ओढली. ड्रायव्हर म्हणाला, बॅटरीचा काय भरवसा नाय, इंजिन चालू ठेवायला लागंल. ठेवलं. सगळा धूर दुकानात. शेजारचा शिंपी खोकत येऊन विचारायला लागला, "जगन, काय जाळतोयस?"

"मॅच चालू आहे," मी म्हटलं. ऐकून मलाच लाज वाटली.

मशीन झोपवलं. पालथं केलं. झाकण सरकवून डिस्क काढली तर तिच्या डबीत कुंकू. आत टॉर्च मारला. लेन्सवर हळदीचा थर, आणि लेन्स ज्या पट्टीवरून सरकते त्या पट्टीत अगदी उजव्या बाजूला एक तांदळाचा दाणा फिट्ट बसलेला. कुंकवानं लाल.

"हात्तिच्या!" मी मोठ्यानं बोललो. "अहो, पूजा केलीत ती केलीत, झाकण तरी लावायचं! डिस्क बसवताना अक्षता टाकत होता काय तुम्ही? आता हा बघा, इथे उजव्या बाजूला दाणा अडकलाय."

मला वाटलं, शरमतील. कसलं काय! रामभाऊ पुढे आले.

"काडू नका," ते म्हणाले. "कंच्या बाजूला म्हनलात?"

"उजव्या."

माझ्या लक्षात यायला जरा वेळ लागला. त्या गावात कौल कसा लावतात, तर देवीच्या मूर्तीवर ओल्या अक्षता टाकायच्या, आणि सगळ्या गळून शेवटचा दाणा ज्या बाजूला चिकटून राहील त्या बाजूचा कौल. देवळात उजव्या अंगाला खालचा पाडा बसतो, डाव्या अंगाला वरचा.

"पन मशीन पालथं हाय!" वरच्या पाड्याकडून आवाज आला. "सुलटं करा, म्हंजे डावा हुतोय!"

"आरं, मशीनचं तोंड कंच्या बाजूला?"

"पडदा हाय तिकडं तोंड!"

"मंग ही पाठ!"

"अहो, ऐका," मी म्हटलं, "हा ड्राइव्हमधला कचरा आहे. तो काढला की मशीन चालू होईल. तुमची मॅच होईल."

माझं कुणी ऐकलं नाही. वीस वर्षं धंदा केलेला माणूस चिमटा हातात धरून उभा, दारात जीप धुराडं ओकतेय, आणि यांचा वाद काय, तर गेमच्या मशीनचा उजवा हात कोणता. माझं डोकं फिरायची वेळ आली होती. शेवटी रामभाऊंनी हात वर केला. टॉर्च माझ्याकडून घेतला, मशीनमध्ये पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"देवीचा उजवा देवीच्या अंगानं धरायचा, बघनाऱ्याच्या नाय," ते म्हणाले. "ह्ये मीच दर साली सांगतो. आपन तिच्या पाठीमागं उभं हाव. पाठीमागून आपला उजवा त्योच तिचा उजवा." मग गळा साफ केला. "कौल खालच्या पाड्याचा."

त्यांच्याच पाड्याची माणसं त्यांच्याकडे बघत राहिली. एकजण म्हणाला, "रामभाऊ, इच्यार करा." ते म्हणाले, "केला." आणि नानांकडे बघितलं. "मानता का आता?"

नाना उठले. काठी तिथेच पडली. रामभाऊंच्या दोन्ही हातांना धरून ते हुंदके देऊन रडायला लागले. म्हातारा माणूस असा रडताना बघवत नाही. मी तोंड फिरवलं.

दाणा मीच चिमट्यानं काढला. तो ताम्हणात ठेवला, वर रुमाल झाकला. पुन्हा दोघांनी दोन बाजूंनी ताम्हण धरलं आणि सगळे निघाले. माझी वायर उपटून जीप गेली. मशीन टेबलावर तसंच. कुणी मागे वळून पाहिलं नाही.

दिनेश तेवढा थांबला, मशीन त्याचं होतं म्हणून. आणि मीही ते सोडणार नव्हतो. मुरबाडात असलं मशीन तोवर कुणी दुरुस्त केलं नव्हतं. मग लेन्स कापसाच्या बोळ्यानं स्पिरिट लावून पुसली. डबीतलं कुंकू झटकलं. डिस्क बसवली, झाकण लावलं, स्विच ढकलला. मोटर फिरली. कटकट नाही. पडद्यावर मैदान आलं, बॅट्समन उभा. जीपची थोडी वीज पोटात गेली होती तेवढ्यावर.

"झालं!" मी टेबलावर हात मारला. "चालू मशीनचं केलंय, दिनेश! आहे कुणी कल्याणपर्यंत असं करणारा?"

दिनेश मशीनकडे बघत होता. "भाऊ, खेळू?"

"खेळ की. बघू दे."

पहिल्या बॉलला त्यानं बॅट फिरवली, लागला नाही. दुसऱ्याला एक रन. शेवटच्या बॉलला चार हवे होते. त्यानं उंच मारला. बॉल वर गेला, वरच राहिला, आणि सीमेवरच्या माणसाच्या हातात पडला. मशीनमधली गर्दी ओरडायला लागली. पडद्यावर आलं, वरच्या पाड्याची टीम जिंकली.

बाहेर शिंप्याचं मशीन चालू होतं.

"भाऊ," दिनेश म्हणाला, "हे दुरुस्त झालंच नाय."

"झालं की! डोळ्यांदेखत—"

"नाय झालं, भाऊ. नाना आता जीपमध्ये असंल. रात्रभर झोपायचा नाय तो." "तुमी म्हना, मुरबाडच्या मिस्त्रीला नाय जमलं."

मला राग आला. खोटं बोलायचा नाही, ते तर गिऱ्हाइकाशी आम्ही रोज बोलतो. पण आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम जमलं आणि ते जमलं नाही म्हणून सांगायचं? मी त्याला दोन शिव्या हासडल्या. मग मशीनची बॅटरी काढून त्याच्या हातात ठेवली.

दुसऱ्या दिवशी जत्रेला गेलो. पालखी उठली तेव्हा पुढच्या दांड्याखाली नाना होते. गुडघे लटपटत होते, दोघांनी कमरेला धरलं होतं, पण खांदा त्यांचाच. ते देवीकडे बघतच नव्हते. मागे वळून आपल्या पाड्याच्या लोकांकडे बघत होते, सगळे दिसतात का म्हणून. मी टाळ्या वाजवल्या. वाजवाव्याशा वाटल्या म्हणून वाजवल्या.

रामभाऊ बाजूला येऊन उभे राहिले. "त्या मशीनचं काय झालं वो?"

"गेलं ते," मी म्हटलं. "नाही जमलं."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "बरं झालं," म्हणाले आणि पालखीमागे चालायला लागले.

तेव्हापासून त्या गावातून टीव्ही येतो, मिक्सर येतो, एकदा तर गिरणीची मोटर आली. गेमचं मशीन मात्र सरळ कल्याणला जातं. मी समोर बसलेला असतो आणि ते एकमेकांना सांगतात, जगनभाऊ मिस्त्री हुशार हाय, पन गेमचं त्याला जमत नाय. मी मान डोलावतो आणि मिक्सर उघडतो. आधी बंद करून.